अक्कलदाढ, मद्य व मूर्च्छा : सुश्रुतसंहितेंतील दोन सूत्रांचा एकत्र विचार

प्राचीन भारतीय शल्यतंत्रांत रुग्णास भूल देण्याची पद्धति होती, अशा आशयाचें विधान अलीकडे इतक्या पुस्तकांतून व इतक्या व्याख्यानांतून कानीं पडतें कीं, त्यास आधार विचारणें हेंच कित्येकांस अनादराचें वाटतें. आधार विचारलाच, तर बहुधा दोन दाखविण्यांत येतात. एक, सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील सतराव्या अध्यायाच्या शेवटीं आलेलें मद्यपानाचें वचन. आणि दुसरा, बल्लालकृत भोजप्रबंधांतील मोहचूर्णाची कथा. दोन्ही आधार खरे आहेत, म्हणजे ते ते शब्द त्या त्या ग्रंथांत आहेत. प्रश्न आहे तो त्या शब्दांवर किती भार घालावयाचा, हा. हा प्रश्न शस्त्रकर्मसामान्याविषयीं न विचारतां एकाच लहानशा शस्त्रकर्माविषयीं विचारला, तर उत्तर अधिक नेमकें मिळतें. तें शस्त्रकर्म म्हणजे अक्कलदाढेचें. ही निवड विचित्र वाटेल. परंतु तिला कारणें आहेत. आधुनिक भूल ज्या दिवसापासून सुरू झाली असें पुष्कळ लोक मानतात, त्या दिवशीं उपटलेला दांत अक्कलदाढच होता. आणि सुश्रुतानें या दाढेच्या दुखण्याचें वर्णन इतकें स्पष्ट केलें आहे कीं, रोग ओळखण्यांत तर्कास फारसा वाव राहत नाहीं.

प्रथम नांवाविषयीं थोडेसें. ‘अक्कल’ हा शब्द अरबी, ‘दाढ’ हा ‘दंष्ट्रा’ शब्दापासून आलेला. ग्रीक वैद्यांनीं या दाढेस विवेकवाचक नांव दिलें होतें, लॅटिन भाषेंत तें शहाणपणाचा दांत या अर्थानें उतरलें, आणि फारशींत ‘दंदान-ए-अक्ल’ असा प्रयोग आहे. तेव्हां हें नांव आपल्याकडे यावनी वैद्यकाच्या वाटेनें आलें असावें, असें मानण्यास हरकत नाहीं. संस्कृत वैद्यकांत या दाढेचा बुद्धीशीं कोठेंही संबंध जोडलेला नाहीं. तेथें ती केवळ हनूच्या शेवटचा दांत आहे, आणि माझ्या मतें तेंच अधिक प्रामाणिक होय. कारण ही दाढ येतेवेळीं मनुष्याची अक्कल वाढते असा अनुभव शाळेंत चाळीस वर्षें घालवूनही मला आलेला नाहीं.

सुश्रुतानें निदानस्थानाच्या सोळाव्या अध्यायांत मुखरोग सांगितले आहेत. ते एकंदर ६५. त्यांत ओठांचे ८, दंतमूलांचे १५, दांतांचे ८, जिव्हेचे ५, तालूचे ९, कंठाचे १७, व सर्व मुखांत पसरणारे ३. ही गणना येथें मुद्दाम दिली आहे, कारण पुढें तिचें काम पडणार आहे. दंतमूलांच्या १५ रोगांत ‘अधिमांसक’ नांवाचा एक आहे. हनूच्या पाठीमागील शेवटच्या दांतापाशीं मोठी सूज, मोठी वेदना, आणि तोंडांतून लाळ गळणें, हीं त्याचीं लक्षणें, दोष कफ. अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेवर हिरडीचा पदर राहतो, त्याखालीं अन्न अडकून तो सुजतो, तोंड उघडेनासें होतें व गिळतांना प्राण कंठाशीं येतात. हा अनुभव ज्यानें घेतला असेल, त्यास अधिमांसक म्हणजे काय हें टीकाकाराच्या साहाय्यावांचून कळेल.

याच गणांत ‘वर्धन’ म्हणून दुसरा विकार आहे. वातामुळें जादा दांत तीव्र वेदना करीत उगवतो व उगवून झाल्यावर वेदना थांबते, असें त्याचें स्वरूप. तोही अक्कलदाढेशीं जुळतो. पण तेथें जागेचा निर्देश नाहीं, म्हणून मी अधिमांसकावरच भिस्त ठेवतों.

आतां चिकित्सा. चिकित्सास्थानाच्या बाविसाव्या अध्यायांत अधिमांसकासाठीं सांगितलेलें कर्म दाढ काढण्याचें नाहीं. वाढलेलें मांस कापावें आणि वचा, तेजोवती, पाठा, सज्जीखार व यवक्षार यांचें चूर्ण मधांतून लावावें. पिंपळी व मध यांचा कवल धरावा. पटोल, त्रिफळा व निंब यांच्या काढ्यानें धुवावें, असा विधि आहे. दांत उपटणें सुश्रुतास अपरिचित होतें असें मात्र नव्हे. अधिक दांत उपटून त्या जागीं अग्निकर्म करावें, असें तो सांगतो. शस्त्रांच्या यादींत ओढून काढण्यासाठीं बडिशाच्या जोडीस दंतशंकु आहे. आणि वाग्भटानें तर बाणाच्या पिसाऱ्यासारख्या तोंडाचें दंतपातन नांवाचें स्वतंत्र यंत्र दिलें आहे. तथापि वरचा दांत हलत असला तरी वैद्यानें काढूं नये, अतिरक्तस्राव होऊन आंधळेपणा व अर्दित यांसारखे विकार जडतात, अशी ताकीदही तेथेंच आहे. उपटण्याच्या कर्माविषयीं ही धास्ती लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ती रुग्णाची नव्हे, वैद्याची आहे.

येथवर वाद नाहीं. वाद पुढें आहे. अधिमांसक कापतेवेळीं, किंवा अधिक दांत उपटून त्यावर तापलेली शलाका लावतेवेळीं, रुग्णास काय दिलें जात असे?

सतराव्या अध्यायांतील वचनाचा आशय असा : शस्त्रकर्मापूर्वीं वैद्यानें रुग्णास इष्ट भोजन द्यावें, जो मद्य घेणारा असून ज्यास वेदना सोसत नाहीं, त्यास तीक्ष्ण मद्य पाजावें, अन्नाच्या योगानें त्यास मूर्च्छा येत नाहीं, व मत्त झाल्यानें शस्त्र कळत नाहीं. यांतील ‘वेदनासह’ या पदाविषयीं एक सूचना करणें अवश्य आहे. वेदना व असह यांचा येथें सवर्णदीर्घ झाला आहे. तो न सोडवितां पद जसें दिसतें तसें घेतलें, तर वेदना सोसणाऱ्यास मद्य द्यावें असा नेमका उलटा अर्थ निघतो. दुसरें असें कीं, मद्य सरसकट सर्वांस नाहीं. ‘मद्यप’ हें विशेषण आहे. न पिणाऱ्यास काय, याविषयीं वचन मौन धरतें.

परंतु या वचनाचें खरें मर्म दुसऱ्याच शब्दांत आहे, आणि तिकडे भूलवाद्यांचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. अन्न कशासाठीं? तर मूर्च्छा येऊं नये म्हणून. म्हणजे मूर्च्छा ही येथें साध्य नसून टाळावयाची आपत्ति आहे. आज आपण भूल म्हणतों ती काय आहे? औषधानें आणलेली, मापून दिलेली, राखून धरलेली मूर्च्छाच. जी अवस्था आजचा वैद्य प्रयत्नपूर्वक आणतो, ती येऊं नये म्हणून सुश्रुत प्रयत्नपूर्वक जेवूं घालतो. यावर तो देत असलेली उपपत्तिही तशीच आहे : अन्न हा बाह्य प्राण, तो आंतील प्राणास धरून ठेवतो. मद व मूर्च्छा हे दोन पदार्थ त्यानें एका श्लोकांत समोरासमोर ठेवले, आणि एक हवा, दुसरा नको, असें सांगितलें. मदांत मनुष्य जागा असतो, मूर्च्छेंत नसतो. मद्यवचनावरून वेदना बोथट करण्याचा उपाय सिद्ध होतो. संज्ञाहरण सिद्ध होत नाहीं.

शस्त्रकर्माचा प्रत्यक्ष विधिही याच अर्थास पोषक आहे. पांचव्या अध्यायांत रुग्णास पूर्वेकडे तोंड करून बसवावें, यंत्रित करावें, म्हणजे जखडावें, आणि वैद्यानें पश्चिमेकडे तोंड करावें, असें आहे. शस्त्र चालवून झाल्यावर थंड पाण्यानें रुग्णास आश्वस्त करावें, असेंही आहे. जखडलेला मनुष्य मत्त असूं शकेल, हें खरें. पण मूर्च्छित मनुष्यास बसवीत नाहींत.

आतां हा पांचवा अध्याय व सतरावा अध्याय एकत्र वाचावे, हें या लेखाचें मुख्य सांगणें आहे. पांचव्यांतच असा नियम आहे कीं, मूढगर्भ, उदर, अर्श, अश्मरी, भगंदर व मुखरोग या सहांत न जेवलेल्यावर कर्म करावें. सतराव्यांतील वचनाच्या अखेरीसही भोजन आवश्यक म्हणतांना ‘उक्त’ रोगांत अशी मर्यादा घातली आहे. म्हणजे तें वचन मागल्या नियमाकडे बोट दाखवून आपला प्रांत आखून घेतें. दंतमूलाचे पंधरा रोग मुखरोगांच्या पासष्टांत मोडतात, हें आपण वर पाहिलें. तेव्हां अधिमांसकाचा रोगी भोजनाच्या विधीबाहेर पडला. आणि मद्याचा विधि भोजनाच्याच आधारानें उभा असल्यामुळें, तो मद्याच्याही बाहेर पडला. ज्या वचनावर प्राचीन भुलेचा सारा इमला उभारतात, त्या वचनांत दाढ दुखणाऱ्यास जागाच नाहीं.

यावर कोणी असा आक्षेप घेईल कीं, निषेध अन्नाचा आहे, मद्याचा नाहीं. रिकाम्या पोटीं मद्य देण्यास प्रत्यवाय कोणता? प्रत्यवाय शब्दानें सांगितलेला नाहीं, हें मान्य. परंतु मूर्च्छा टाळणारें अन्न काढून घेतल्यावर एकटें तीक्ष्ण मद्य देणें हें वचनाच्या हेतूविरुद्ध होतें, आणि तसें विधान करणारें वाक्य त्या दोन अध्यायांत नाहीं. पुरावा देण्याची जबाबदारी आक्षेपकावर आहे.

या सहा रोगांस उपाशी ठेवण्याचें कारण उघड आहे. पांचांत पोट, गुद व गर्भाशय यांचा प्रदेश येतो, तेथें भरलेलें कोठें आड येतें. सहाव्यांत वैद्याचा हात रुग्णाच्या घशाशींच असतो, तेथें ओकारी आली तर कर्मच थांबेल. मागील वर्षीं माझी स्वतःची डाव्या बाजूची खालची अक्कलदाढ काढण्याचें ठरलें, तेव्हां दंतवैद्यानें दिलेल्या छापील कागदावर, पूर्ण भूल घेणार असल्यास रात्रीपासून उपाशी यावें, अशी सूचना होती. ती वाचून हा पांचवा अध्याय मला आठवला, आणि आठवल्यानें भीति कमी झाली असें नाहीं, कांहींशी वाढलीच. आजच्या नियमाचें कारण मात्र निराळें आहे. मूर्च्छित मनुष्याच्या पोटांतील द्रव घशांत येऊन श्वासनलिकेंत उतरतो. कर्टिस मेंडेलसन यानें १९४६ सालीं न्यूयॉर्क येथील बाळंतिणींच्या उदाहरणांवरून हें दाखविलें. नियम सारखा दिसतो म्हणून ज्ञानही सारखें होतें, असें म्हणूं नये. सुश्रुताचा रुग्ण शुद्धीवर होता. त्याचा घसा त्याच्या ताब्यांत होता.

भोजप्रबंधाचा निकाल थोडक्यांत लावतां येतो. भोजराजाच्या कपाळांत लहान मासा शिरला, वैद्यांना कांहीं सुधरेना, राजानें चिडून वैद्य व वैद्यग्रंथ दोन्ही हद्दपार करण्याचा हुकूम सोडला. तेव्हां अश्विनीकुमार ब्राह्मणवेषानें आले, त्यांनीं मोहचूर्णानें राजास निश्चेष्ट केलें, कवटी उघडून मासा काढला, पुन्हां सांधली, व संजीवनीनें त्यास जागें केलें, अशी ती कथा. या प्रसंगास दहाव्या शतकांतील सन लावलेला मीं छापील पाहिला आहे. धारचा परमार भोज अकराव्या शतकांतला, आणि बल्लाल सोळाव्या शतकाच्या अखेरचा. त्याच्या ग्रंथांत कालिदास, बाण, भवभूति व माघ एकाच राजसभेंत बसतात. असा ग्रंथ शस्त्रकर्माचा पुरावा होऊं शकत नाहीं. पण तो दुसऱ्या एका गोष्टीचा उत्तम पुरावा आहे. मनुष्यास निश्चेष्ट करावयाचें तर तें देवांच्या वैद्यांनींच करावें, आणि मोहचूर्णाबरोबर संजीवनी हातांत असल्यावांचून करूं नये, असें सोळाव्या शतकांतील एका पंडितास वाटलें. झोपविणारें औषध त्यास सहज सुचलें. उठविणारें औषध त्यानें विसरूं दिलें नाहीं.

हीच संजीवनी पुढें खऱ्या इतिहासांत कमी पडली.

अमेरिकेंतील हार्टफोर्ड गांवीं १८४४ सालच्या डिसेंबरच्या १० तारखेस गार्डनर कोल्टन याचा हास्यवायूचा जाहीर खेळ झाला. वायु घेतलेल्या एका तरुणाच्या पायास मोठी इजा झाली व ती त्यास कळली नाहीं, हें प्रेक्षकांत बसलेल्या होरेस वेल्स या २९ वर्षांच्या दंतवैद्यानें टिपलें. दुसऱ्याच दिवशीं त्यानें कोल्टनकडून स्वतःवर वायूचा प्रयोग करवून आपली अक्कलदाढ जॉन रिग्ज या सहकाऱ्याकडून उपटून घेतली. दुखलें नाहीं. पुढील महिन्यांत बॉस्टन येथें वैद्यांपुढें केलेल्या प्रयोगांत रुग्ण ओरडला आणि वेल्सची फजिती झाली. त्याचाच पूर्वींचा भागीदार मॉर्टन यानें १८४६ च्या सप्टेंबरच्या ३० तारखेस ईथर देऊन दांत काढला, आणि ऑक्टोबरच्या १६ तारखेस मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलांत वॉरन या सर्जनाच्या हस्ते झालेल्या शस्त्रकर्मांत ईथर यशस्वी झालें. ही वार्ता इतक्या वेगानें पसरली कीं १८४७ च्या मार्चमध्यें कलकत्त्यास ईथर दिलें गेलें, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत एडिंबरो येथें सिम्पसन यानें क्लोरोफॉर्म पुढें आणलें. ही सर्व परंपरा दंतवैद्यांपासून निघाली यांत नवल नाहीं. पाय कापावयाचा मनुष्य नाइलाजानें येतो. दाढेचा रोगी भीतीनें दारापासून परत जाऊं शकतो. भुलेची गरज ज्यास रोजच्या धंद्यांत भासे, त्यानें ती शोधली.

नंतर १८४८ चा जानेवारी आला. त्या महिन्याच्या २४ तारखेस वेल्स न्यूयॉर्कच्या तुरुंगांत मेला; क्लोरोफॉर्म स्वतःवर वारंवार घेऊन त्याचें चित्त बिघडलें होतें, व शेवटीं क्लोरोफॉर्म हुंगून त्यानें मांडीची धमनी कापली. चारच दिवसांनीं, २८ तारखेस, इंग्लंडांत न्यूकॅसलजवळ विनलॅटन येथें हॅना ग्रीनर या १५ वर्षांच्या मुलीच्या पायाच्या अंगठ्याचें नख काढण्यासाठीं क्लोरोफॉर्म देण्यांत आलें, आणि कांहीं क्षणांत ती मेली. पूर्वीं दुसऱ्या एका नखाच्या वेळीं तिला ईथर देऊन कर्म सुखरूप झालें होतें. या वेळीं ती फार भ्यालेली होती. तिला शुद्धीवर आणण्यासाठीं तोंडांत पाणी व ब्रँडी घातली होती. मृत्यु क्लोरोफॉर्मनें नव्हे, या द्रवानें गुदमरून झाला, असें सिम्पसनचें म्हणणें पडलें. जॉन स्नो यानें तें मानलें नाहीं. दोष त्यानें क्लोरोफॉर्मच्या तीव्र वाफेनें थांबलेल्या हृदयाकडे दिला, आणि १८५८ सालीं मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत अशा ५० मृत्यूंचा तपशील एकत्र केला. मूर्च्छित मुखांत मद्य घालूं नये, एवढा धडा तरी या वादांतून घेण्यासारखा होता.

वाद पुढें मराठी वाचकास परक्या नसलेल्या भूमीवर लढला गेला. निजामाच्या राज्यांत, ज्यांत १९४८ पर्यंत औरंगाबादसह सारा मराठवाडा मोडत होता, हैदराबादेस एडवर्ड लॉरी हा डॉक्टर होता. श्वासावर लक्ष ठेवा, नाडीकडे पाहूं नका, मग क्लोरोफॉर्म निर्भय आहे, असा त्याचा आग्रह. १८८८ सालीं त्यानें एक कमिशन बसविलें. लॅन्सेट या लंडनच्या वैद्यकपत्रानें त्याचा निष्कर्ष मान्य न केल्यामुळें मीर महबूब अली खान निजामानें १००० पौंड देऊन त्या पत्राचाच प्रतिनिधि लॉडर ब्रंटन यास बोलावून घेतलें, व १८८९ च्या अखेरीस दुसरें कमिशन बसलें. शेंकडों प्राण्यांवर प्रयोग झाले. श्वास आधीं थांबतो, हृदय मागाहून, असा निकाल पुन्हां लागला. स्वखर्चानें स्वतःच्या विरोधकास साक्षीला बोलावणारा राजा इतिहासांत विरळाच. निकाल मात्र अपुरा होता. १९११ सालीं गुडमन लेव्ही यानें मांजरांवर दाखविलें कीं, क्लोरोफॉर्म हलकें असतां, म्हणजे भूल पुरती चढली नसतां, हृदयाचे कप्पे अकस्मात् विस्कळित थरथरूं लागतात व प्राणी तत्काळ मरतो. आणि रक्तांत अॅड्रिनलिन वाढलेलें असलें कीं हें विशेषेंकरून घडतें. अॅड्रिनलिन हा भीतीच्या वेळीं शरीर स्वतःच सोडणारा रस आहे. म्हणजे क्लोरोफॉर्मच्या काळांत भिणारा रुग्ण उगीच भीत नव्हता, इतकेंच नव्हे, तर त्याची भीति हीच त्याच्या मृत्यूच्या कारणांत एक कारण होऊं शके. विनलॅटनची ती रडवेली मुलगी या वर्णनाशीं जुळते. तिची समजूत काढून, तिला थोडा वेळ शांत होऊं देऊन मग औषध दिलें असतें, तर कदाचित् इतिहासांत तिचें नांव आलें नसतें. सुश्रुतानें कर्मानंतर कां होईना, आश्वासन विधींत घातलें होतें, हें येथें सहज आठवतें.

दाढेपुरता प्रश्न निराळ्याच दिशेनें सुटला. १८८४ सालीं कोलर यानें व्हिएन्ना येथें डोळ्याच्या शस्त्रकर्मांत कोकेन वापरलें; लगेच न्यूयॉर्क येथें हॉलस्टेड यानें सुईनें जबड्याच्या मज्जातंतूपाशीं तें सोडून खालचे दांत बधिर करून दाखविले. कोकेनाचें व्यसन खुद्द हॉलस्टेडलाच जडलें. पुढें १९०५ च्या सुमारास प्रोकेन व १९४३ सालीं स्वीडनांत लिडोकेन तयार झालें, तेव्हां ही रीत निर्धास्त झाली. क्लोरोफॉर्म आतां भुलेच्या कामांतून गेलें आहे, पूर्ण भूल पूर्वीपेक्षां अतिशय सुरक्षित झाली आहे, आणि तरीही बहुतेक अक्कलदाढा जागेपणींच, सुई देऊन काढतात. माझीही तशीच काढली. सुश्रुताच्या मद व मूर्च्छा या जोडींत ही अवस्था बसत नाहीं. तिच्यासाठीं त्याच्यापाशीं शब्द नाहीं, व असावा अशी अपेक्षाही करूं नये.

आतां पोथ्या जमविणाऱ्या वाचकांस एक विनंति आहे. वरील सर्व युक्तिवाद सूत्रस्थानाच्या पांचव्या अध्यायांतील ‘मुखरोग’ या एका पदावर व सतराव्यांतील ‘उक्त’ या पदावर तोलला आहे. मीं आधारास घेतलेला पाठ यादवजी त्रिकमजी यांनीं डल्हणाच्या निबंधसंग्रहासह संपादिलेल्या मुंबईच्या निर्णयसागर प्रतींतील आहे. सुश्रुताची नेपाळांतील ताडपत्री पोथी इ. स. ८७८ इतकी जुनी आहे, व तिच्या साहाय्यानें छापील पाठाची फेरतपासणी होत आहे. परंतु कोंकणांत, देशावर व वऱ्हाडांत वैद्यघराण्यांतून अजून सुश्रुताच्या सुट्या स्थानांच्या कागदी पोथ्या निघतात, आणि त्या कोणी फारशा उघडीत नाहींत. ज्यांच्या संग्रहीं सूत्रस्थान असेल, त्यांनीं हीं दोन स्थळें पाहून पाठ जसाच्या तसा, अशुद्धासह, उतरून घ्यावा. पोथीचा लेखनशक, लेखकाचें नांव व मिळाल्याचें गांव नोंदवावें. आणि समासांत कोणा वैद्यानें मुखरोगाच्या नियमावर स्वहस्तें कांहीं टीप लिहिली असल्यास ती आवर्जून त्रैमासिकाकडे पाठवावी. दाढ काढतेवेळीं रुग्णास प्रत्यक्ष काय देत, हें संहितेपेक्षां अशा एखाद्या टिपेंतूनच कळण्याचा संभव अधिक आहे.